गंजलेला बोल्ट आणि मुंग्यांचं बिऱ्हाड



स्वयंपाकघरातली जयणा आपल्याला तोंडपाठ असते. पाणी गाळून घ्यायचं, पीठ चाळायचं, मेथीचं पान उलटून बघायचं, गॅस पेटवायच्या आधी बर्नरवर एक नजर टाकायची. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, महासतीजींनी व्याख्यानात पुन्हा सांगितलं. पण पाना, हातोडी आणि गॅसच्या बत्तीच्या कामात जयणा कशी पाळायची, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. यंदा श्रावणात ती वेळ आली. म्हणून आज पाककृती नाही, बोल्ट.

आमच्या बापूजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, चातुर्मासात एक नियम असतो. आषाढी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत इंजिनाच्या वाहनात बसायचं नाही. चौदा नियमांत वाहनाची मर्यादा येते, ती ते रोज सकाळी धारतात आणि त्यात फक्त सायकल मोकळी ठेवतात. वय चौऱ्याहत्तर. गुडघे असे की अर्धा किलोमीटर चालले तर रात्री शेकावे लागतात, पण सायकलवर मात्र तक्रार नाही. डॉक्टरांनीही सांगितलंय, चालण्यापेक्षा सायकल बरी, फक्त सीट उंच ठेवा. पेडल खालच्या टोकाला असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट खाली बसली तर प्रत्येक फेरीला गुडघा जास्त दुमडतो आणि दुखणं पुन्हा सुरू. स्थानक आमच्या घरापासून अडीच किलोमीटर. म्हणजे आमच्याकडे चातुर्मासातलं व्याख्यान सीटच्या उंचीवर अवलंबून असतं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि एका सोमवारी ती सीट खाली बसली.

सायकलच्या सीटखाली जो उभा पाईप असतो, त्याच्या वरच्या टोकाला मागच्या बाजूने एक उभी चीर असते. चिरेच्या दोन्ही अंगांना लोखंडाचे दोन कान. दोन्ही कानांतून आडवा बोल्ट जातो. तो आवळला की चीर मिटते आणि सीटची दांडी पकडली जाते. बहुतेक साध्या सायकलींना पलीकडून नट असतो. बोल्ट तुटला की पाच मिनिटांत दुसरा घालायचा, विषय संपला. आमच्या सायकलला नट नव्हता, उजव्या कानातच आटे पाडलेले होते. बोल्ट तुटला तो बरोबर चिरेत. डोक्याकडचा तुकडा जमिनीवर पडला आणि आट्यांचा तुकडा उजव्या कानात तसाच राहिला, गंजून कानाशी एक झालेला. बाहेरच्या बाजूने त्याचं टोक जेमतेम दोन आटे दिसत होतं.

गंजाची गंमत अशी की त्याला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. बोल्ट आणि भोक यांच्यात मुळात केसाएवढी फट असते. त्या फटीत पाणी शिरतं, गंज धरतो, फुगतो आणि पाचर मारल्यासारखा दोघांना दाबून धरतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बोल्ट घट्ट आवळलेला आहे. तो आवळलेला नसतो, अडकलेला असतो. या सायकलने आठ-दहा पावसाळे पडवीत काढलेत आणि पडवीत तिरकं पाणी येतं.

मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांना बोलावलं. चाचांचं दुकान म्हणजे बदामाच्या झाडाखालची एक पेटी, पण हात असा की गावातले गिअरच्या सायकलीवाले पोरगेसुद्धा त्यांच्याकडेच येतात. त्यांनी टोक बघितलं, पकडीने एकदा चाचपलं आणि म्हणाले, "भाभी, हा असा हलणार नाही. जोर लावला तर टोकही तुटेल. कानाला गॅस लावतो, लाल झाला की फिरेल. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी सीट दांडीसकट उपसून काढली आणि पाईपाच्या उघड्या तोंडातून मुंग्या वर आल्या. बारीक, काळ्या, शेकड्यांनी. अर्ध्याअधिकींच्या तोंडात पांढरे दाणे.

आपण त्या दाण्यांना अंडी म्हणतो. खरी अंडी इतकी बारीक असतात की सहसा डोळ्याला दिसतही नाहीत. हे पांढरे दाणे म्हणजे अळ्या आणि कोष, म्हणजे चालता न येणारी पोरंच. पावसात जमिनीतलं घर भिजलं की मुंग्या त्यांना उचलून कोरड्या, अंधाऱ्या, उंच जागी नेतात. सायकलच्या पाईपाहून चांगली जागा त्यांना कुठे मिळणार? मागची चीर म्हणजे दारच.

चाचांनी बत्ती खाली ठेवली. मी काही बोलायच्या आधीच ठेवली, हे मुद्दाम लिहिते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता?"

आता काय, ते मलाही माहीत नव्हतं. कान लाल करायचा म्हणजे वरचा सगळा पाईप भट्टी होणार. डिझेल किंवा गंजाचं तेल ओतायचं तर ते चिरेतून आत उतरणार. पाणी मारून धुऊन काढायचं म्हणजे बुडवूनच मारायचं. शास्त्रात मुंगीला तेइंद्रिय म्हटलंय: स्पर्श, चव आणि वास. डोळे-कान सोडून या तीनच गोष्टींवर तिचं जग चालतं आणि आमच्याकडचा प्रत्येक उपाय नेमका त्या तीनवरच घाव घालणारा.

संध्याकाळी घरात चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. "पच्चक्खाणात आगार असतात ना? थोडे दिवस रिक्षाने जाऊ दे बापूजींना, नाहीतर मी गाडीने सोडतो." बापूजी म्हणाले, "आगार अडचणीसाठी असतो. मी कुठे आजारी आहे? घरी सामायिक करीन." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि कालच्यासारखं चालत गेलात तर आजारी पडालच." सोमवारी सीट बसल्यावर ते सायकल हातात धरून चालत घरी आले होते आणि रात्री दोन्ही गुडघे सुजले होते.

मग बापूजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, माझ्या नियमापायी त्यांचं घर जाळायचं नाही. नाहीतर तो नियम कशाचा?"

ऐकायला हे छान वाटतं. पण मला त्या रात्री चीड आली होती, खोटं कशाला सांगू. चातुर्मासात व्याख्यान चुकलं की बापूजी दिवसभर गप्प असतात. मुंग्यांना पाईप नवा मिळेल, यांना गुडघे नवे कोण देणार? गॅसने ते काम दोन मिनिटांत झालं असतं हेही खरंच आहे. जयणा फुकट होत नाही. ती कुणाच्या तरी वेळेतून, कुणाच्या तरी पायांतून जाते. इथे ती बापूजींच्या वाट्यातून जाणार होती आणि ते स्वतः हो म्हणत होते, म्हणून मला पुढे बोलायला जागा उरली नाही.

मुंग्या हलवायला पाऊण दिवस लागला. आमच्या सासूबाईंना यातलं बरंच कळतं. त्यांनी सांगितलं, उजेड आणि हादरा, या दोन गोष्टी मुंग्यांना नको असतात. बुधवारी सकाळी सायकल पडवीतून काढून उजेडात भिंतीला टेकवली. पाईपाचं तोंड उघडंच ठेवलं आणि लाकडी पळीने पाईपावर हलकं हलकं टकटक करत राहिलो. दर दहा मिनिटांनी चार टकटक, बास. शेजारी एक मातीची कुंडी पालथी घालून आत कोरडा काथ्या ठेवला, म्हणजे बायांना जवळच घर मिळेल. अर्ध्या तासात रांग लागली. प्रत्येकीच्या तोंडात दाणा. कुंडीकडे ढुंकूनही न बघता सगळ्या भिंतीच्या एका फटीत गेल्या! दुपारपर्यंत रांग विरळ झाली. मग बापूजींनी त्यांची सामायिकाची जुनी पुंजणी आणून कान, चीर आणि पाईपाचं तोंड मऊ हाताने पुंजून घेतलं. मी मोबाईलच्या उजेडात आत डोकावले. दोन-चार चुकार मुंग्या होत्या, त्यांना अजून तासभर दिला. नंतर पाईपात खालपर्यंत जुन्या सुती धोतराचा बोळा सरकवला, म्हणजे तेल आत उतरणार नाही आणि परत कुणी राहायला येणार नाही.

आता बोल्टची पाळी.

चाचांनी एका बाटलीत डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून दिलं होतं. सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब, टोकाकडून आणि चिरेकडूनही. थेंब सोडला की छोट्या हातोडीने बोल्टच्या टोकावर हलके ठोके. मोडायला नाही, गंजाच्या भुकटीला तडे जाऊन तेलाला वाट मिळावी म्हणून. तेल जास्त ओतून उपयोग नसतो. ते फटीत आपोआप ओढलं जातं आणि त्याला फक्त वेळ लागतो. मी नाकात औषध घालायचा ड्रॉपर वापरला. आता तो अर्थातच सायकलचाच.

आग नको तर थोडी ऊब द्यायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. चातुर्मासात आमच्याकडे रोज सकाळी उपवासवाल्यांसाठी पाणी उकळतंच. त्यातलं अर्धं भांडं घेऊन त्यात फडकं बुडवायचं, चिमट्याने पिळायचं आणि कानाभोवती गुंडाळायचं. कान तापला की फडकं काढून तेलाचा थेंब. निवताना धातू आकसतो आणि तेल आत खेचलं जातं. हिशेब केला तर हसू येतं. पोलाद अंशाला एका लाखात साधारण सव्वा भाग फुगतं. आठ मिलिमीटरचं भोक सत्तर अंशांनी तापवलं तर वाढतं मिलिमीटरच्या हजार भागांतले सात भाग. शिवाय बोल्टही थोडा तापतोच, म्हणजे खरा फरक त्याहून कमी. पण गंजाची फटही त्याच मापाची असते. रोज दोनदा फुगणं-आकसणं झालं की थर सैल होत जातो. (तुमच्या सायकलचा सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असेल तर ऊब अधिक कामाला येते, कारण अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. उलट पोलादी पाईपात अॅल्युमिनियमची सीटदांडी अडकली असेल तर तापवू नका, ती आतून आणखी घट्ट बसेल. तिथे बर्फ.)

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. बापूजी सकाळी पावणेनऊला पडवीत आसन टाकून सामायिकाला बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की उठून बोल्टकडे बघत, पण हात लावत नसत. शुक्रवारी ते सासूबाईंशी बोलताना ऐकलं. पाठशाळेत कर्माच्या बंधाला सुयांचा दाखला देतात ना, तो सांगत होते. काही कर्मं नुसत्या सुयांच्या ढिगासारखी, हात लागला की सुटी. काही दोऱ्याने बांधलेल्या सुयांसारखी, गाठ सोडावी लागते. काही बांधून बरेच दिवस पडलेल्या, गंज चढून एकमेकींना धरलेल्या. आणि निकाचित म्हणजे सुया तापवून, ठोकून एकच गोळा केलेला. तो भोगूनच संपवायचा.

"हा तिसरा," बापूजी बोल्टकडे बोट करून म्हणाले, "निधत्त."

सासूबाई म्हणाल्या, "मग लाल करून ठोकलं असतं तर चौथा झाला असता."

बापूजी हसले. सोमवारपासून पहिल्यांदा हसले. मला दाखला आवडला, पण चाचांना विचाराल तर लाल केलेला बोल्ट उलट सुटतो. लोखंडाचा दाखला कर्माला जिथवर चालतो तिथवरच चालवावा.

रविवारी चाचा आले. आधी त्यांनी दिसणाऱ्या टोकाला कानस मारून समोरासमोरच्या दोन बाजू सपाट केल्या, म्हणजे पकड घसरणार नाही. मग दाबून बसणारी लॉकची पकड लावली. मला वाटलं आता उलटं फिरवतील. त्यांनी आधी किंचित सुलटं, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने ढकललं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गंज ज्या दिशेने बसलाय ती पकड आधी मोडायची, मग सोडायचं. काही झालं नाही. एक थेंब तेल, दोन ठोके, परत. चौथ्या-पाचव्या वेळी "कट्" असा बारीक आवाज आला. चाचा थांबले. त्या आवाजाचे दोन अर्थ असतात, सुटला किंवा तुटला.

सुटला होता. पाव फेरा पुढे, अर्धा मागे, थेंब, परत पाव पुढे. तांबडी भुकटी तेलात कालवून बाहेर यायला लागली. एकदम ओढायचं नाही, भुकटी आट्यांत अडकून बोल्ट पुन्हा जाम होतो. वीस मिनिटांनी टोकाच्याच बाजूने सगळा तुकडा चाचांच्या तळहातावर आला. करंगळीच्या पेराएवढाही नव्हता.

पण काम तिथे संपलं नाही. कानातले आटे गंजाने खाल्लेले होते. चाचांनी आठ एमएमचा टॅप फिरवून बघितला, नवा बोल्ट लावला आणि आवळताना आटे भुगा होऊन गळाले. मग त्यांनी आट्यांचा नाद सोडला. भोक किंचित मोठं करून आरपार केलं आणि साध्या सायकलीसारखा लांब बोल्ट घालून पलीकडून नायलॉनवाला नट लावला. मी विचारलं, शेवटी ड्रिलच मारायचं होतं तर पहिल्या दिवशी बोल्टसकट का नाही मारलं? चाचा म्हणाले, "बोल्ट कडक, कान नरम. ड्रिलचं टोक कडकावर बसत नाही, सरकून नरमात शिरतं. कान फाटला असता तर सायकल भंगारात. आता भोक रिकामं आहे, ड्रिलला रस्ता आहे." आणि मोडका बोल्ट काढायचा जो उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, त्यावर त्यांचा अजिबात भरवसा नाही. तो आत तुटला तर इतका कडक असतो की त्याला साधं ड्रिलही लागत नाही.

नवा बोल्ट घालताना चाचांनी डबीतलं ग्रीस बोटावर घेतलं आणि मी हळूच विचारलं, यात काय असतं? आपल्याला हा प्रश्न पडतोच. काही ग्रिसांत जनावरांच्या चरबीचा साबण असतो. पण बाजारात सगळ्यात जास्त मिळणारं लिथियम ग्रीस घट्ट करायला जे स्निग्धाम्ल वापरतात ते बहुधा एरंडेल तेलापासून केलेलं असतं. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचे, त्याचाच हा दूरचा नातू. तरी चरबीचं नाही ना, हे डब्यावर किंवा कंपनीला विचारून घ्यावं. आमची डबी लिथियमची निघाली. बोल्टच्या आट्यांना, कानाच्या भोकाला आणि सीटच्या दांडीलाही ते पातळ थराने लावलं. दांडी नुसती कोरडी घातली तर पुढच्या काही पावसाळ्यांत तीच पाईपात अडकेल आणि ते दुखणं बोल्टपेक्षा मोठं.

चाचा पैसे घेईनात. म्हणाले, "काम तर तुम्हीच केलं, मी फक्त फिरवलं." शेवटी सासूबाईंनी बळजबरीने दिले, सोबत खाकऱ्यांचा डबा.

सोमवारी बापूजी व्याख्यानाला गेले. टाच पेडलवर ठेवून उंची आधीच बघून घेतली होती. दांडीवर त्या उंचीला माझ्या नेलपॉलिशची लाल रेघ आहे, ती त्यांनी चालवून घेतली. आता वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दांडी काढून पुसायची आणि ग्रीस बदलायचं. बोल्ट मोकळा करून परत आवळायचा.

आणि एक काम मी त्याच संध्याकाळी केलं. चाचांकडून जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद गोल तुकडा कापून आणला. सीट काढून तो दांडीवरून खाली सरकवला, कान सोडून पाईपाचं तोंड आणि चिरेचा वरचा भाग झाकेल असा. पाणी आत जात नाही, आणि मुंग्यांना दार दिसत नाही. खालच्या बाजूला चिरेचा थोडा भाग उघडा राहत होता, तिथे मेणाची गोळी दाबली. भिंतीतल्या फटीत त्या अजून आहेत. पाऊस वाढला की बाहेर येऊन सायकलच्या चाकापर्यंत फेरी मारतात आणि परत जातात.